‘कवकमूल’ आणि ‘सहजीवन’ : दोन संज्ञा

१८८५ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांनी कवक व मूळ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून एक संज्ञा घडविली. मराठीत तिला ‘कवकमूल’ म्हणता येईल. वनस्पतीचे मूळ व त्यात शिरलेले कवक यांचे मिळून जणू एकच इंद्रिय बनते, हा तिचा आशय. ही संज्ञा अन्वर्थक आहे. या संबंधास आपण लावतो तो ‘सहजीवन’ हा शब्द मात्र जपून वापरावयास हवा. त्यातून निरपवाद सख्य सूचित होते. वस्तुतः हा देवघेवीचा व्यवहार आहे.

उष्ण कटिबंधातील पुष्कळशा जमिनींत, कोकणातील जांभ्या मातीतही, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे फॉस्फेट धरून ठेवतात. कोवळ्या मुळालगतचा साठा लवकरच सरतो आणि नवा फार मंद गतीने येतो. मूलरोमांहूनही बारीक असे कवकतंतू हा रिता पट्टा ओलांडून पलीकडचे फॉस्फेट आणतात. मोबदल्यात रोपटे आपण तयार केलेल्या अन्नाचा काही भाग कवकास देते.

बारीक बीजातून उगवलेल्या रोपट्याजवळ शिदोरी अल्प असते. त्याला ही मदत लवकर लागते. मोठ्या बीजाचे रोपटे काही काळ तिच्यावाचून तगते. दाट सावलीत अन्ननिर्मिती मंदावली, किंवा खतामुळे फॉस्फेट मुबलक झाले, तर तेच कवक ओझेही ठरू शकते.

शिवाय कोणतेही कवक कोणत्याही झाडास चालत नाही. पोर्तो रिको बेटावर परक्या पाइन वृक्षाची रोपे वारंवार खुंटत. तेथील बहुतेक देशी वृक्षांच्या मुळांतील कवके पेशींत शिरणारी. पाइनला हवे ते मुळाभोवती बाहेरून आवरण घालणारे कवक. १९५५ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील पाइनवनातील माती आणून काही रोपांना दिली. ती जोमाने वाढली. न दिलेली खुरटीच राहिली. पुढे प्रयोगशाळेत वाढविलेले शुद्ध कवक देऊनही असाच परिणाम दिसला. तेव्हा गुण आणलेल्या मातीच्या कसाचा नव्हे, कवकाचा, हे स्पष्ट झाले.

यास्तव रोपवाटिकेत रोप खुंटले की बीजास दोष देण्यापूर्वी मातीत त्याचा योग्य जोडीदार आहे काय, हे पाहावे. आणि ‘सहजीवन’ हा शब्द लिहिताना कोणाचे, कोणाशी व कोणत्या परिस्थितीत, हेही सांगावे. अन्यथा संज्ञा हाती राहते व अर्थ निसटतो.