संदर्भसूचीतला गूगल

(प्रकल्पलेखन : लेखांक ७)

प्रकल्पवहीचे शेवटचे पान उघडले, की बहुतेकदा तीनच नावे भेटतात : गूगल, विकिपीडिया, यूट्यूब. संदर्भ दिले, असे मुलांना वाटते. पण गूगल स्वतः लिहीत नाही, शोधून देते. ‘कुठून आलात?’ या प्रश्नाला ‘एसटीने’ असे उत्तर द्यावे, तसा हा प्रकार आहे.

मागच्या लेखांकात छापील पुस्तकांचे संदर्भ पाहिले. पुस्तकाची आवृत्ती एकदा निघाली, की तिच्यातला मजकूर तसाच राहतो. संकेतस्थळावरचे पान मात्र बदलते, हलते, कधी नाहीसेही होते. म्हणून लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि तारीख यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लिहायला शिकवावे लागते : त्या पानाचा पूर्ण दुवा आणि ते पाहिल्याची तारीख. संदर्भलेखनाच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती ही तारीख फक्त बदलत्या मजकुरासाठी मागते, एमएलए पद्धत ती ऐच्छिक मानते. शाळेत मात्र ती सरसकट लिहून घ्यावी, सवय लागते.

मराठी विश्वकोशाचे उदाहरण घेऊ. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत आकाराला आलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज हे खंड संकेतस्थळावर वाचता येतात. विद्यार्थी नोंद वाचतो आणि ‘मराठी विश्वकोश’ असे लिहून पुढे चालू वर्ष टाकतो. इथेच घोटाळा होतो. नोंदीतली लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे खंड निघाला त्या काळचे असतात. चालू वर्ष पाहून वाचक ते ताजे समजतो. नोंद कुणी लिहिली हेही बहुधा शेवटी, आडनाव आधी अशा रीतीने दिलेले असते. तेव्हा पान तळापर्यंत वाचायची सवय हवी. मग संदर्भ असा बनतो : लेखकाचे नाव, नोंदीचे शीर्षक, मराठी विश्वकोश, खंड व त्याचे वर्ष, महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ, दुवा, पाहिल्याची तारीख.

विकिपीडियावरचा लेख अनेक हातांनी घडतो आणि कधीही बदलू शकतो. मात्र त्याच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती तारीख-वेळेसह जपलेली असते आणि तिला स्वतंत्र दुवा असतो. संदर्भ द्यायचा तर तो दुवा द्यावा. त्याहून चांगले म्हणजे लेखाखालच्या तळटीपेतला मूळ स्रोत उघडून वाचावा आणि त्याचा संदर्भ द्यावा. न वाचता तळटीप उतरवून घेणे ही लबाडीच.

संशोधनपत्रिकेतल्या लेखाला बहुधा डीओआय असतो. ‘१०’ने सुरू होणारा हा क्रमांक, प्रकाशकाने संकेतस्थळ बदलून त्याची नोंद अद्ययावत केली, की वाचकाला नव्या जागी पोचवतो. साध्या पानांना ही सोय नसते. त्यांची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करता येते. २००१ पासून ही सेवा सर्वांना खुली आहे.

महाविद्यालयात गेल्यावर हा प्रश्न शिस्तीचाही होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढते. रीतसर श्रेय दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे नीट दिलेला संदर्भ विद्यार्थ्याचे रक्षणच करतो.

वर्गात एक तास यासाठी काढा. मुलांना एकमेकांच्या संदर्भसूच्या अदलाबदल करून द्या आणि प्रत्येक संदर्भावरून मूळ मजकूर शोधायला सांगा. जो सापडला नाही, तो चुकला. चॅटबॉटने रचून दिलेले खोटे संदर्भही या चाचणीत उघडे पडतात. शिक्षकांना एवढीच विनंती : प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण संदर्भसूचीसाठी राखून ठेवा आणि ते देण्यापूर्वी निदान दोन दुवे स्वतः उघडून पाहा.

(पुढील लेखांकात : छायाचित्रे आणि चित्रफितींचे श्रेय)