वजा तीस सेंटिमीटर

भंडारा शहराजवळ कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरली जाते. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि त्याची पूर्ण संचय पातळीही २४५.५० मीटरच आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले आणि भंडाऱ्यात घरे बुडाली. म्हणूनच इथे पाणी नुसते किती मीटरवर आहे एवढे सांगून भागत नाही. धोक्याच्या खुणेच्या किती वर, किती खाली, हे कळावे लागते. २४५.२० म्हणजे वजा ०.३०, २४५.८० म्हणजे अधिक ०.३०. आकडा एकच, आणि एका आडव्या रेघेवर गाव हलवायचे की नाही हे ठरते.

संगणकाच्या पडद्यावर ही रेघ फार कच्ची असते.

वजा संख्या टाइप करताना पहिली कळ रेघेची. नुसती रेघ म्हणजे संख्या नव्हे, त्यामुळे प्रत्येक कळीला तपासणी करणारी चौकट ती तिथेच नाकारते. मग माणूस आधी ०.३० लिहितो आणि रेघ पुढे आणून लावतो, किंवा लावायची विसरतो. ब्राउझरची तयार अंकचौकट रेघ उमटू देते, पण पुढे अंक येईपर्यंत प्रोग्रामला ती रिकामीच दिसते. आयफोनवर केवळ अंकांचा कळफलक उघडला तर त्यावर वजाची कळच नसते. ज्याने ती चौकट बनवली त्याने बहुधा वय, पिनकोड, पोत्यांची संख्या एवढाच विचार केलेला असतो.

दिसणेही फसवे. कळफलकावरची छोटी रेघ, छपाईतले खरे वजा चिन्ह आणि लांब डॅश डोळ्याला जवळपास सारखे, पण युनिकोडमध्ये ती तीन वेगळी अक्षरे आहेत. दुसऱ्या कागदपत्रातून चिकटवलेले खरे वजा चिन्ह लावलेला आकडा जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा संख्या मानत नाही. आपले देवनागरी अंकही जावास्क्रिप्ट मानत नाही, पायथन ही दुसरी भाषा मात्र ते वाचते. मराठी कारभाराच्या अर्जात हे चालवून घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

ऋण, म्हणजे वजा, संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये मांडले. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू असतो. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, म्हणजे ही परंपरा महाराष्ट्राच्या मातीतलीच. बिंदू अंकावरच बसलेला, त्यामुळे अंक उचलला की खूणही सोबत येते. आपल्या पडद्यावर रेघ अंकाआधी सुटी उभी असते.

आतल्या साठवणुकीत दुसरा धोका आहे. फरक सेंटिमीटरमध्ये आणि चिन्ह नसलेल्या सोळा बिटांच्या जागेत ठेवला, तर वजा ३० चे ६५,५०६ होतात. एवढा मोठा आकडा निदान खटकतो तरी. चिन्ह गाळून उरलेला ३० कुणाला खटकत नाही, म्हणून तोच जास्त घातक. आणि पाणी खुणेच्या फक्त तीन मिलिमीटर खाली असेल, तर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करून पडदा ‘-०.००’ दाखवू शकतो. रात्रपाळीवरच्या माणसाने त्यातून काय समजायचे?

उपाय अवघड नाही. नदीकाठच्या माणसाकडून चिन्हासह संख्या मागूच नये. त्याने मोजपट्टीवर पाहिलेली पातळी लिहावी, ती इथे कायम धनच असते. धोक्याची पातळी प्रणालीत एकदाच नोंदवलेली असावी आणि वजाबाकी यंत्राने करावी. पडद्यावर उत्तर शब्दांत यावे: ‘धोक्याच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर खाली’. जिथे वर-खाली माणसालाच सांगावे लागते, तिथे आकड्याशेजारी ‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोन ठळक बटणे हवीत, आणि त्यांपैकी एकही आधीपासून निवडलेले नसावे.