एका अणूनं उतरणारा सूर

पखवाज आणि कणीक

कीर्तनाआधी पखवाजवादक डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो. पुडी जड होते, सूर खाली उतरतो. कणीक वाढवली की आणखी खाली. कान तयार असेल, तर नुसत्या सुरावरून कणकेचं वजन सांगता यावं. कार्बन नॅनोट्यूबचा तराजू असाच चालतो. पुडीच्या जागी नळी आणि कणकेच्या जागी एखादा रेणू, एवढाच फरक.

नळी हलकी म्हणूनच

कार्बनच्या अणूंचा एकपदरी पत्रा गुंडाळावा, तशी ही नळी. जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ती पोलादाहून ताठ आहेच, पण इथं खरं मोल तिच्या हलकेपणाचं. भरल्या बैलगाडीवर चिमणी बसली तर बैलांना कळतही नाही. ज्वारीच्या कणसावर बसली तर अख्खं ताट डोलतं.

ती वाजते कशी?

दोन धातूच्या टोकांमध्ये नळी अधांतरी ताणतात. खाली विजेची पट्टी असते. पट्टीवरचा विद्युतदाब बदलता ठेवला की नळी थरथरते. स्थिर दाब वाढवला की ती ताणली जाते आणि सूर चढतो, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा. थरथरीबरोबर नळीतला विद्युतप्रवाह बदलतो, त्यावरून सूर कळतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पॉल मॅकयुएन यांच्या गटानं २००४ मध्ये हे करून दाखवलं.

डांबरगोळीचा एक रेणू

१९९९ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी कार्बन नॅनोट्यूबवर २२ फेम्टोग्रॅमचा कण तोलला होता. २०१२ मध्ये बार्सिलोनात एड्रियन बाख्टोल्ड यांचा गट त्याच्या हजार कोटी पटींहून सूक्ष्म वजनापर्यंत पोचला: १.७ योक्टोग्रॅम, जवळजवळ एका प्रोटॉनएवढं. ग्रॅमचे एकावर चोवीस शून्यं इतके भाग केले, तर एक भाग म्हणजे योक्टोग्रॅम! नळी १५० नॅनोमीटर लांब, सेकंदाला सुमारे २०० कोटी वेळा थरथरणारी. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनचे रेणू तिच्यावर येऊन बसताना टिपता आले. मला या साऱ्यात हे सर्वांत विलक्षण वाटतं.

अडतं कुठे?

हवेत थरथर लगेच विझते, म्हणून निर्वात जागा लागते. उष्णतेनं नळी आपोआप डळमळते, म्हणून एवढ्या बारीक मापासाठी कडाक्याची थंडीही. आधीच चिकटलेले परके रेणू प्रवाहानं नळी तापवून झाडावे लागतात. शिवाय रेणू मधोमध बसला तर सूर बराच उतरतो, टोकाशी बसला तर जेमतेम. त्यामुळे नुसता मूळ सूर ऐकून वजन ठरत नाही. त्याच्या जोडीला वरचा एखादा सूरही त्याच वेळी मोजावा लागतो.