शर्यत वेगाची नाही, तोलाची

मैत्रिणींनो, आपल्या वाळूजला बजाजच्या कारखान्यात १९८५ पासून दुचाक्या बनतात. पण गाडीची निगा आपण घरच्या पुरुषांवर सोडतो. मोटारसायकलची ‘ट्रायल्स’ नावाची एक स्पर्धा असते. तिथे वेगाला नाही, तोलाला मान. दगडधोंड्यांतून जाताना एकदा पाय टेकला की एक गुण दंड, गाडी पडली तर पाच. ज्याचा दंड कमी, तो जिंकला. पकड मिळावी म्हणून तिथे टायरमध्ये हवा फार कमी ठेवतात. आपण तसं करू नये. रस्त्यावर टायर तापून फाटतो. हवा गाडीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच भरा. गटाची बचत घेऊन बँकेत निघण्याआधी हवा, ब्रेक, चेन बघा. चेन सैल असली तर निसटते, फार ताणली तर लवकर झिजते. चिखलात पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. आणि मोकळ्या मैदानात पाय न टेकता हळू चालवायचा सराव करा.