लायसन्स कोणाचं, सही कोणाची?

घराचं काम काढलं की गवंड्याची, सुताराची, फरशीवाल्याची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. वायरमनच्या बाबतीत मात्र एकच प्रश्न विचारला जातो : पॉइंटला किती घेणार? परवान्याचा विषय काढला तर त्याला राग येईल, अशी भीती असते. शिवाय असा काही परवाना असतो, हेच अनेकांना ठाऊक नसतं. आणि ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्याही डोक्यात त्याबद्दल भलतेसलते समज पक्के बसलेले असतात.

"लायसन्स लागतं ते कारखान्याला, घराला नाही"

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चुकीचा समज. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासून ही अट आहे. पुढे वीज अधिनियम 2003 आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली सुरक्षेचे विनियम काढले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कागद बदलत गेले, पण मूळ अट कायम राहिली. ग्राहकाच्या जागेत वायरिंगचं नवं काम असो, वाढीव काम असो की दुरुस्ती, ते राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं. त्यावर सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची थेट देखरेख हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या कामगाराकडेही परवाना हवा. यात दोन खोल्यांचं घर आणि कापडाची गिरणी असा भेद केलेला नाही.

म्हणजे ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशा तीन पायऱ्या झाल्या. महाराष्ट्रात हे परवाने शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. परवान्याला मुदत असते, ती संपली की नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे "लायसन्स आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नये. ते तिघांपैकी कोणाचं आहे आणि चालू आहे का, हे दोन्ही विचारावं. नुसता तारतंत्री परवाना असलेला माणूस स्वतःच्या नावावर अख्ख्या बंगल्याचं काम घेत असेल, तर त्याच्याकडे परवाना असूनही काम नियमाबाहेरचंच ठरतं.

याच्या उलट टोकाचा समजही भेटतो : बल्ब बदलायलासुद्धा परवानाधारक बोलवावा लागतो. तसं अजिबात नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची बदली नियमाने मोकळी ठेवली आहे. फक्त तिने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बिघडलेला स्विच काढून तसलाच दुसरा बसवणं यात बसतं. त्याच बोर्डातून वायर ओढून गिझरसाठी नवा सॉकेट काढणं यात बसत नाही.

"आयटीआय झालाय, अजून काय हवं?"

आयटीआयमधला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम चांगलाच आहे. पण तिथलं प्रमाणपत्र शिक्षण झाल्याचं आहे. परवान्यासाठी मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आयटीआयच्या जोरावर तो अर्ज करता येतो, एवढंच. अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांचंही तसंच. पदवी भिंतीवर टांगली म्हणून कोणी आपोआप पर्यवेक्षक होत नाही.

गावाकडे यात आणखी एक गुंता असतो. तिथे वायरमन म्हणजे खांबावर चढणारा महावितरणचा माणूस. कंपनी आता त्याला जनमित्र म्हणते, लोक मात्र अजून एमएसईबीचा वायरमनच म्हणतात. राज्य वीज मंडळाचं, म्हणजे एमएसईबीचं, विभाजन होऊन 2005 पासून महावितरण ही वेगळी कंपनी झाली, तरी बोलण्यात एमएसईबी काही सुटत नाही. हा माणूस ओळखीचा असतो, अडीअडचणीला रात्री धावून येतो, म्हणून घराचं फिटिंगही त्यालाच सांगितलं जातं. पण लाइनवरची नोकरी आणि खाजगी घरात वायरिंग करण्याचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत. वीज कंपनीचा शर्ट अंगात आहे म्हणून घरातलं काम अधिकृत होत नाही.

सिंधुदुर्गातली मुलं कामासाठी गोव्यात जातात, त्यांनाही हे लक्षात ठेवावं लागतं. परवाना त्या त्या राज्य सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला असावा, असं नियम सांगतो. सीमा ओलांडली की तिथली मान्यता पाहावीच लागते.

"टेस्ट रिपोर्ट म्हणजे मीटरसाठीचा कागद"

नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. बोलीभाषेत टेस्ट रिपोर्ट. अनेक ठिकाणी त्याची गत काय झाली आहे, हे घर बांधणाऱ्या कोणालाही विचारा. काम एकाने केलेलं, अहवाल दुसऱ्याच्या शिक्क्याचा, आणि शिक्का मारणाऱ्याने घराचा उंबराही पाहिलेला नाही. मालकाला वाटतं, चला, एक कागद कमी झाला.

खरं तर पूर्ण व्यवस्थेत घरमालकाच्या उपयोगाची एकच गोष्ट असेल तर ती हीच. अहवाल खरा असेल तर त्याआधी कोणीतरी मेगर घेऊन घरी आलेलं असतं. मेगर म्हणजे वायरच्या आवरणाची रोधकता मोजणारं यंत्र. पुरवठा जोडण्यापूर्वी फेजची तार आणि अर्थ यांच्यात 500 व्होल्टचा डीसी दाब एक मिनिट द्यायचा आणि रोधकता किमान 1 मेगाओहम भरते का, ते पाहायचं. प्लास्टरच्या आत पाइपात ओढताना वायर कुठे सोलली असेल, खिळा आरपार गेला असेल, जोडावर ओल आली असेल, तर डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, वास्तुशांतही होते. मेगरचा काटा तेवढा सांगतो.

म्हणून अहवाल हातात आला की शिक्का नंतर पाहा, आधी आकडे पाहा. इन्सुलेशनच्या रकान्यात आकडा आहे की नुसतं "ओके" लिहिलंय? अर्थिंगचं मोजमाप आहे का? सही करणारा माणूस आणि ज्याला आपण पैसे दिले तो माणूस, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? मला विचाराल तर पॉइंटच्या दरात पाच-दहा रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा मेगर आपल्यासमोर लावायला सांगणं कितीतरी फायद्याचं.

"एमसीबी बसवलेत, आता शॉकची भीती नाही"

शिकलेल्या घरांत हा समज सर्रास आढळतो. थोडं गणित करू. घरातला दाब 230 व्होल्ट. माणसाच्या शरीराचा रोध कातडी किती ओली, स्पर्श कुठे झाला यावर बदलतो. सोयीसाठी 1000 ओहम धरू. मग शरीरातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. यापेक्षा बराच कमी प्रवाहही हृदयाचे ठोके बिघडवायला पुरतो. आता बोर्डातला एमसीबी 16 अँपिअरचा, म्हणजे 16,000 मिलिअँपिअरचा. 230 मिलिअँपिअर ही त्याच्या लेखी एखाद्या दिव्याची भर. माणूस चिकटून बसला तरी तो पडणार नाही. त्यात त्याचा दोष नाही, कारण तो वायर तापून आग लागू नये यासाठी बनवलेला आहे.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. दुकानात अजून जुन्या सवयीने ईएलसीबी मागतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो सतत पाहतो. वाटेत 30 मिलिअँपिअर कुठे गळाले, शरीरातून असो वा गिझरच्या भिजलेल्या कॉइलमधून, की पुरवठा तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचाच घ्यावा. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबून तो पडतो की नाही हे पाहायचं असतं. बहुतेक घरांत ते बटण बसवल्या दिवसानंतर कोणी दाबलेलं नसतं.

त्यालाही मर्यादा आहे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलं, तर गळती होतच नाही. जेवढा प्रवाह गेला तेवढा परत आला. आरसीसीबीला तो माणूस आणि बल्ब सारखेच.

"तिसरी पिन काय, असली काय नि नसली काय"

थ्री पिनचा प्लग हातात घेऊन नीट पाहा. वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. प्लग खुपसताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. वीज उपकरणात शिरण्याआधी त्याच्या पत्र्याला जमिनीची वाट मिळालेली असावी, म्हणून ही रचना. आणि आपल्याकडे टू पिनच्या बोर्डात बसत नाही म्हणून हीच पिन पकडीने मोडतात, किंवा सॉकेटचं वरचं भोक काडीने दाबून दोन वायरी तशाच कोंबतात.

याहून धोक्याचा प्रकार भिंतीच्या आत दडलेला असतो. सॉकेट उघडला की न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत वायरचा बोटभर तुकडा जोडलेला दिसतो. अर्थिंगचा खड्डा, पट्टी, हिरवी वायर, सगळा खर्च वाचला. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरून दाखवला की तो झगझगीत पेटतो, आणि घरमालक खूश. पण न्यूट्रलची तार मागे कुठे सुटली की त्या तुकड्यातून फेज सरळ फ्रिजच्या दांडीवर येतो. बटण बंद करून उपयोग नाही, कारण बटण फेजवर आहे आणि करंट दुसऱ्याच उपकरणातून फिरून आलेला आहे.

खड्डा केलेला असला तरी टेस्ट लॅम्पवर भिस्त ठेवू नये. 100 वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा स्वतःचा रोध 500 ओहमच्या वर असतो. अर्थिंगचे 20 ओहम त्यात मिळाले तर उजेडात फरक कळणारही नाही. पण खरी गळती झाली की 230 व्होल्ट भागिले 20 ओहम, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. 16 चा एमसीबी शांत, आणि वॉशिंग मशीनचा पत्रा जिवंत. अर्थिंग मोजायला अर्थ टेस्टर असतो. तो ठेकेदाराकडे असायला हवा.

महावितरणची अर्थची जोडणी मीटरपाशी मिळते, मग आपला खड्डा कशाला, असंही विचारलं जातं. पण नुसतं तिच्यावर विसंबू नये, स्वतःचं स्वतंत्र अर्थिंगही असावं. मीटरच्या पुढची वायरिंग हा एकूणच ग्राहकाचा प्रांत. तिथलं काही जळालं तर कंपनीकडे बोट दाखवता येत नाही.

"वीस वर्षं झाली, काही झालं नाही"

वीस वर्षांपूर्वी त्या घरात चार ट्यूब, तीन पंखे आणि एक टीव्ही होता. आज 2 किलोवॅटचा गिझर एकटाच जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, शिवाय एसी, इंडक्शन, ओव्हन. वायर मात्र तीच. एमसीबी वारंवार पडायला लागला की 16 चा काढून 32 चा बसवला जातो. मग तो पडत नाही आणि वायर आतल्या आत तापत राहते. हा बदल स्विच बदलण्याच्या सवलतीत येत नाही, कारण इथे क्षमताच बदललेली असते. जोडलेल्या जागांची तपासणी पाच वर्षांहून जास्त अंतर न ठेवता व्हावी, असं नियम सांगतात. 15 मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी विद्युत निरीक्षकाच्या तपासणीची वेगळी तरतूद आहे. हौसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामावर दोन तास भांडण होतं. या विषयावर दहा मिनिटं दिली तरी खूप झालं.

गणपती-नवरात्राच्या मंडपाला "दहा दिवसांसाठी कशाला" हे कारण चालत नाही. तात्पुरती का होईना, ती वीजजोडणीच. अधिकृत मीटर घ्यावं आणि काम परवानाधारकाकडून करावं, असं आवाहन महावितरण दरवर्षी करतं. पावसाळी रात्र, लोखंडी कमानी आणि चिकटपट्टी गुंडाळलेले जोड एकत्र येतात ते तिथेच.

"शॉक लागून काही झालं तर पोलीस बघतील"

पोलीस असतातच. पण विजेच्या वापरातून माणूस किंवा जनावर दगावलं, जखमी झालं, तर अधिनियमाच्या कलम 161 प्रमाणे विद्युत निरीक्षकालाही कळवावं लागतं, आणि त्यासाठी 24 तासांची मुदत आहे. शेतातल्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटून बैल मेला तरी हे लागू होतं. गावात अशा वेळी घाईघाईने पेटी बदलतात, तुटकी वायर उचलून टाकतात. पुरवठा बंद करावा, खांबावरच्या तारेचा संबंध असेल तर 1912 ला फोन करावा, पण निरीक्षक पाहून जाईपर्यंत जागा आहे तशीच ठेवावी. काम कोणी केलं, ठेकेदाराचा परवाना क्रमांक काय आणि चाचणी अहवालावर सही कोणाची, हे त्यांच्या चौकशीत निघतंच. ते कागद घरच्या फाइलीत असतील तर शोधाशोध वाचते.