कादंबरी लिहून झाली, आता सिनॉप्सिस कसा लिहायचा?

कादंबरी पूर्ण झाली, साठ-सत्तर हजार शब्द गूगल डॉक्समध्ये तयार आहेत. प्रकाशक म्हणतो, "आधी दोन पानांत सारांश पाठवा." इथे बरेच जण मागच्या कव्हरवर असतो तसला मजकूर पाठवतात: 'पुढे काय होतं? जरूर वाचा!' हा झाला ब्लर्ब. तो वाचकाला पुस्तक विकतो. सिनॉप्सिस संपादकासाठी असतो. गोष्ट शेवटपर्यंत टिकते का, हे त्याला अख्खं हस्तलिखित वाचायच्या आधी बघायचं असतं. म्हणून शेवट लपवायचा नाही, स्पॉयलर द्यायचाच.

मग ठेवायचं काय? सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणतात. त्याला ताणे दोन लागतात. एक घट्ट, त्याने खालचं कापड बनतं. दुसरा सैल, त्याचे फुगीर लूप होतात. टॉवेल मऊ लागतो तो लूपमुळे, पण लूप धरून ठेवतं ते खालचं कापड. सिनॉप्सिसमध्ये फक्त ते कापड दाखवायचं. संवाद, वर्णनं, तुमचा लाडका विनोदी मामा हे सगळे लूप. (मामाला काढताना जीव तुटतो, पण काढा.)

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. तरुण मास्तर राजाराम सौंदणीकर धनगरांच्या वाडीत येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो. हळूहळू गावाचा विश्वास मिळवतो, त्यामुळे गाव त्याच्यासोबत तालीम बांधतं. पण दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडतात, शेवटी मास्तरही निघतो. संपलं. तृतीयपुरुषी, वर्तमानकाळात, मोजक्या नावांत.

तुम्हीही नवीन डॉक उघडा आणि प्रत्येक प्रकरणाचं एकच वाक्य लिहा. टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डचा माइक मराठीतही चालतो. आता दोन वाक्यांमध्ये 'त्यामुळे' किंवा 'पण' घालून बघा. नुसतं 'मग' बसत असेल, तर ते वाक्य बहुतेक उडवता येतं. बरेच 'मग' निघाले तर मात्र भानगड सिनॉप्सिसची नाही, कादंबरीची आहे, आणि ते पाठवायच्या आधी कळलेलं बरं.

एआयला सांगून होईल का? सारांश मिळेल, पण कशामुळे काय घडलं ही साखळी त्यात अनेकदा तुटते. स्वतःच लिहा.

शब्द मोजायला डॉक्स ॲपमध्ये तीन टिंबं, मग 'वर्ड काउंट'. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांसारखी दिसते, आणि मग पहिलं वाक्यसुद्धा कुणी वाचत नाही.