फोन फडावर, पुस्तक गावात

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. केज तालुक्यातील नांदूरघाट परिसरही त्याला अपवाद नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. घरात मोबाइल एकच असेल, तर तोही त्यांच्याबरोबर जातो. मोबाइलवरील शिक्षणाची खरी कसोटी येथे लागते.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी रुजविली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. (त्यातील निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना देऊन टाकली!)

परंतु कोड म्हणजे धडा नव्हे, तो केवळ धड्याचा पत्ता. चित्रफीत असते ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवर. गाव सोडण्यापूर्वी ती फोनमध्ये उतरवून घेतली, तर फडावर इंटरनेट नसतानाही पाहता येते. व्हॉट्सॲपचा उपयोग निराळा. वहीच्या पानाचे छायाचित्र शिक्षकांना पाठविता येते आणि त्यांनी आवाजात सांगितलेली दुरुस्ती वडील रात्री कोपीवर परतेपर्यंत फोनमध्ये थांबून राहते. हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजीजवळ गावात राहिलेल्या मुलाची अडचण नेमकी उलटी: शाळा हाकेच्या अंतरावर, पुस्तकात कोडही आहे, तो उघडणारा फोन मात्र फडावर.